खोडलेली ओळ

शर्मिला वाळिंबे सोसायटीची सेक्रेटरी झाली, ती केवळ त्या दिवशी सभेला उशिरा पोचली म्हणून. नवऱ्याला, विद्याधरांना, अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचा दिवस तिचा राहिला नव्हता. त्यांचा व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी त्या संध्याकाळी उशिरा आली, मग उशिराच गेली, आणि शर्मिला तीन जिने उतरून पार्किंगमध्ये पोचेपर्यंत बाकीची पदं वाटून झाली होती.

"वहिनी, तुम्ही विमा कंपनीत आयुष्य काढलंत. कागद तुम्हाला काय नवे?" अध्यक्ष पृथ्वीराज बराटे म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्यावरची बला टळली म्हणून वाजवलेल्या टाळ्या लगेच ओळखू येतात. पण नाही म्हणायचं तर उभं राहून चार वाक्यं बोलावी लागली असती, आणि तेवढं त्राण तिच्यात नव्हतं. ती रिकाम्या खुर्चीवर बसली, झालं.

कर्वेनगरमधली मैत्रबन सोसायटी म्हणजे तीन मजली जुनी इमारत. लिफ्ट नाही, आणि गच्ची कितीही वेळा दुरुस्त केली तरी गळायची. आसपासच्या तसल्या इमारती एकेक करून पाडल्या जात होत्या. आता मैत्रबनचीही पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली होती. बराटे मूळचे इथलेच. ही जमीन एके काळी त्यांच्या घराण्याचं ज्वारीचं रान होतं. काम पुढे सरकावं ही त्यांची घाई होतीच, पण खरं सांगायचं तर शर्मिलालाही घाई होती. झटका आल्यापासून विद्याधर दवाखाना सोडला तर खाली उतरलेच नव्हते. उतरायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी न्यावं लागे. नव्या इमारतीत लिफ्ट असेल, त्यांना संध्याकाळी खाली बाकावर बसवता येईल, एवढं एकच चित्र तिच्या डोळ्यांपुढे असायचं.

आर्किटेक्टच्या ऑफिसने सांगितलं, की प्रत्येक सभासदाने आपलं म्हणणं लिहून द्यावं आणि सेक्रेटरीने सगळ्यांचं मिळून एका वर्ड फाइलमध्ये पाठवावं. पीडीएफ चालणार नाही, कारण प्रत्येक मुद्द्याशेजारी त्यांना शेरे लिहायचे होते.

"त्यात काय एवढं?" बराटे म्हणाले. "एकाखाली एक चिकटवायचं."

फायली येऊ लागल्या. निवृत्त मुख्याध्यापक देवस्थळी सरांनी कलमं, उपकलमं आणि तळटिपांसह एक निबंधच पाठवला. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना कमी दिसायचं, म्हणून त्यांची अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी, एका पानावर जेमतेम चार ओळी. एका बाईंनी सगळ्या मागण्या लाल रंगात, ठळक, वर अधोरेखित करून लिहिल्या होत्या; वाचतानाही ओरडा ऐकू यायचा. आयटीतल्या एका जोडप्याने पान आडवं करून मोठा तक्ता केला होता. एकांनी कुठल्या तरी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. आणि अर्ध्या पानाची एक साधी फाइल आली होती तळमजल्यावरून, हुस्नबानू अत्तार यांची.

हुस्नबानूंचा फ्लॅट रस्त्याच्या बाजूला होता. नवरा वारल्यावर त्याचं नारायण पेठेतलं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद झालं, तेव्हापासून त्या खिडकीशी मशीन ठेवून फॉल-पिकोचं काम करत. दार दिवसभर उघडं. कॉलेजच्या मुली, कामावरून परतणाऱ्या बायका रस्त्यावरूनच साडी देऊन जायच्या, कुणी आत येऊन पाणी पिऊन जायचं. शर्मिला त्यांना भाभी म्हणायची, आणि वयाने मोठ्या असूनही त्या तिला वहिनी म्हणत. विद्याधर मोरीत कोसळले त्या सकाळी हुस्नबानूंचा मुलगा शकील नेमका आईकडे आला होता. त्याने विद्याधरांना पाठीवर घेऊन तिन्ही जिने उतरवले होते. शर्मिला हे विसरलेली नव्हती. विसरण्यासारखं नव्हतंच ते.

फायली एकत्र करायला ती बसली ती दुपारी, विद्याधरांचा डोळा लागल्यावर. पहिली फाइल उघडली, तिच्याखाली दुसरी चिकटवली, आणि गोंधळ सुरू झाला. देवस्थळी सरांच्या शेवटच्या कलमाचा आकडा धरून लाल अक्षरवाल्या बाईंच्या मागण्या पुढे मोजल्या जाऊ लागल्या. त्यांची पहिली मागणी कुठल्या कुठे जाऊन पडली. आजोबांची मोठी अक्षरं खालच्या फायलीत शिरली. आडवा तक्ता उभ्या पानाबाहेर गेला आणि त्याचा उजवा भाग दिसेनासा झाला. तिने मागे घेतलं, पुन्हा चिकटवलं. आता समास बिघडले. एक नीट करावं तर दुसरं हलायचं. मध्येच विद्याधरांनी हाक मारली. त्यांना कूस बदलून देऊन, चहा भरवून ती परत आली, तेव्हा आपण कुठवर आलो होतो हेच तिला आठवेना.

असे तीन-चार दिवस गेले. बराट्यांचे फोन येत होते. शेवटी चिकटवतानाच्या पर्यायांमध्ये तिला एक सापडला: फक्त मजकूर घ्या, बाकी सोडा. तिने तो दाबला आणि एकदम शांत झालं. लाल गेलं, ठळक गेलं, मोठं-लहान गेलं. सगळे एकाच अक्षरात, एकाच आकारात बोलू लागले. जुन्या फॉन्टमधल्या पत्राची तेवढी इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली होती; ते तिने पुन्हा टाइप केलं, तक्त्यातली माहिती ओळींमध्ये मांडली. मग फाइल वाचून न बघताच आर्किटेक्टला आणि सोसायटीच्या ग्रुपवर पाठवून दिली, लॅपटॉप मिटला, आणि विद्याधरांच्या पलंगाच्या कडेला डोकं टेकून बसली.

"झालं?" विद्याधरांनी विचारलं. झटक्यानंतर त्यांचं बोलणं जड झालं होतं, पण एक-एक शब्द नीट कळायचा.

"झालं."

"व्वा," ते म्हणाले आणि डाव्या हाताने तिच्या केसांवर थोपटलं. उजवा हात अजून उचलत नव्हता.

ग्रुपवर बराट्यांनी अंगठा टाकला, 'आता कसं सुटसुटीत झालं' असं लिहिलं. देवस्थळी सरांनी लिहिलं, 'माझ्या तळटिपा कोणत्या तळाशी गेल्या, हे कळल्यास उपकृत होईन.'

रविवारी सभा झाली. आर्किटेक्टच्या ऑफिसमधून एक तरुण आला होता. त्याने फायलीवरून सारांश केला होता, तो पडद्यावर दाखवत होता. तळमजल्यावर आता घरं राहणार नाहीत, तिथे पार्किंग येणार. तळमजल्याच्या सभासदांनी वरच्या मजल्यावर जायला तयार आहोत असं कळवलं आहे, असं त्याने वाचलं आणि नावं घेतली. त्यात हुस्नबानूंचं नाव होतं.

हुस्नबानू पुढच्या रांगेत, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर उशी घेऊन बसल्या होत्या. "मी?" त्या म्हणाल्या. "मी तयार नाही म्हणून लिहिलंय."

त्या तरुणाने पान शोधलं आणि पडद्यावर मोठं करून वाचलं. "'मला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट चालेल, माझी संमती आहे.' मॅडम, हे तुमचंच आहे ना? खाली लिहिलंय की गुडघ्यांचा त्रास आहे, काम रस्त्यावरच्या गिऱ्हाइकांवर चालतं, ते विचारात घ्यावं. ते आम्ही सूचना म्हणून घेतलंय."

"ती ओळ खोडली होती," हुस्नबानू म्हणाल्या.

"इथे खोडलेली नाही दिसत."

"अहो चाची," बराटे म्हणाले, "एकदा लिहून दिलं की दिलं. आता माघार घ्यायला लागलो तर आपलं कधीच उरकणार नाय."

"माघार नाही, भाऊ. मी ओळ खोडून दिली होती."

कुणी तरी मागून म्हणालं, "खोडायचं होतं तर लिहिलं कशाला?" दोघं-तिघं हसले. शकील भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला. "फाइल मीच टाइप केली. ओळीवर रेघ मारली होती मी. काकू, तुमच्याकडे आहे ना ओरिजिनल? तुम्ही सांगा ना."

सगळ्यांच्या माना शर्मिलाकडे वळल्या. त्याच क्षणी तिला कळलं होतं काय झालं असणार ते. मजकूर घेतला होता. मजकुरावरची रेघ सुटली होती. पण तिने तोंड उघडलं असतं तर सगळी फाइलच संशयात आली असती. देवस्थळी सर तयारच बसले होते. सभा तहकूब, फाइल पुन्हा, आणखी महिने. वर खिडकीशी विद्याधर खाली पाहत बसले असतील, हे तिला मान वर न करता ठाऊक होतं.

"मला बघावं लागेल," ती म्हणाली. "आत्ता नक्की सांगता येणार नाही."

"बघा," बराटे म्हणाले. "तोवर आपण पुढे जाऊ."

सभा पुढे गेली. हुस्नबानू उठल्या, शकीलने उशी काखेत धरली, आणि दोघं घरात गेले. दार लागलं. दिवसाउजेडी ते दार लागलेलं शर्मिलाने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने मूळ फाइल उघडली. पहिलीच ओळ, आणि तिच्या मधोमध सरळ काळी रेघ. खाली लिहिलं होतं, 'वरील ओळ मी विचारांती रद्द करत आहे.' हे वाक्य चिकटवलेल्या फायलीतही होतं, पण तिथे मध्येच पान तुटलं होतं आणि त्याच्या वर पहिल्या फायलीचा शिरोभाग, पत्त्यासकट, येऊन बसला होता. आधीच्या पानाच्या शेवटी संमतीची ओळ, पुढच्या पानावर पत्ता आणि मग हे वाक्य. वरील म्हणजे कुठली ओळ हे कुणालाच कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाली गेली. हुस्नबानूंनी दार उघडलं, 'या' म्हणाल्या नाहीत पण बाजूला झाल्या. मशीनवर एक मोरपिशी साडी अर्धी राहिली होती.

"भाभी, चूक माझी झाली. एकत्र करताना ती रेघ गेली. मी कंटाळले होते, परत वाचलं नाही."

हुस्नबानू मशीनपाशी बसल्या. "शकील मला म्हणाला होता, अम्मी, खोडायचं कशाला, पुसूनच टाकतो. मीच नको म्हटलं. आधी मी बराटेभाऊंना हो म्हणून बसले होते. सगळे हो म्हणत होते, मीही म्हटलं. मग घरी येऊन विचार केला, वर सातव्या-आठव्या मजल्यावर कोण लिफ्ट चढून साडी टाकायला येणार? दिवसभर तोंड पाहायला माणूस मिळायचं नाही. म्हणून बदललं. पण आधी हो म्हटलं होतं हे लपवायचं कशाला? तेही दिसू दे, असं म्हटलं मी."

"मी नवीन फाइल करून पाठवते."

"ते तुम्ही कराल, मला माहीत आहे." हुस्नबानूंनी धागा दाताने तोडला. "रेघेचं मला काही वाटलं नाही, वहिनी. मशीनची चूक माणूस समजू शकतो. सभेत तुम्ही गप्प राहिलात."

विद्याधरांचं, लिफ्टचं, बाकाचं सगळं सांगावं असं शर्मिलाच्या मनात आलं. पण ज्या बाईच्या मुलाने नवऱ्याला पाठीवर वाहून नेलं तिला हे काय सांगायचं? ती वर गेली. त्या दिवशी जिने नेहमीपेक्षा जास्त वाटले.

तिने लेकीला फोन लावला. श्रद्धा बंगळुरूला नोकरी करत होती, कामातून वेळ काढून बोलायची.

"आई, तू प्लेन टेक्स्ट का केलंस पण? प्रत्येक फाइलच्या आधी सेक्शन ब्रेक टाक. मग प्रत्येकाचं पान स्वतंत्र राहतं, आडवं असेल तर आडवं, समास वेगळे असतील तर वेगळे. चिकटवताना मूळ फॉरमॅटिंग ठेवायचा पर्याय घे. आणि शिरोभाग मागच्या सेक्शनशी जोडलेला असतो, तो तोड, नाही तर एकाचं नाव दुसऱ्याच्या डोक्यावर येईल."

"आकडे?"

"यादीवर राइट क्लिक करून पुन्हा एकपासून सुरू कर. आई, बरी आहेस ना? आवाज कसा येतोय?"

"दमलेय गं. बाकी ठीक."

पुढचे दिवस ती दुपारी तेवढंच करत राहिली. घाई केली नाही, करवतही नव्हतं. देवस्थळी सरांच्या तळटिपा त्यांच्या त्यांच्या पानांखाली परत बसवल्या. आजोबांची पाटीएवढी अक्षरं तशीच ठेवली. लाल बाई लाल राहिल्या. आडव्या तक्त्याने बराच छळ केला; सेक्शन आडवा केला की मागचं पान पण आडवं व्हायचं, मग कळलं की ब्रेक एकाच बाजूला दिला होता, दोन्ही बाजूंना हवा. एक फाइल बसली की ती मूळ फाइल शेजारी उघडून ओळ न ओळ ताडून बघायची. डोळ्यांत पाणी यायचं, ते शिणाने. हुस्नबानूंचं पान बसलं तेव्हा खोडलेली ओळ खोडलेलीच आहे आणि रद्द केल्याचं वाक्य तिला लागूनच आहे, हे तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. फाइल बघायला विचित्र झाली, एकाही पानाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

बराट्यांना तिने पाठवायच्या आधी सांगितलं. ते जिन्यातच थांबले. "वहिनी, कशाला उकरताय? त्या पोराने प्लॅनला सुरुवातपण केली असंल. एक तळमजल्याचं घर आडवं आलं की चार येतील."

"येतील तर येतील."

"तुमच्या साहेबांना लिफ्ट पाहिजे ना लवकर?"

"पाहिजे," शर्मिला म्हणाली. "पण ते भाभींच्या खोट्या संमतीवर नको."

बराटे वाईट माणूस नव्हते. "बरं," ते म्हणाले. "पाठवा. देवस्थळी खूश होतील तेवढे."

पुढच्या सभेत शर्मिला उभी राहिली. आधीच्या फायलीत चूक तिच्या हातून झाली, श्रीमती अत्तार यांनी संमती दिलेली नव्हती, आणि मागच्या सभेत हे आपल्याला समजत असूनही आपण बोललो नाही, असं तिने सांगितलं. आवाज फारसा मोठा नव्हता. मागे कुणी हसलं नाही. देवस्थळी सर म्हणाले, "कार्यवृत्तात नोंद घ्यावी," आणि मग, स्वतःलाच सांगितल्यासारखं, "तळटिपा मिळाल्या. आभार." हुस्नबानू त्या दिवशी आल्या नव्हत्या. शकील आला होता. जाताना तो शर्मिलाजवळून गेला, तेव्हा त्याने मान थोडी हलवली.

तळमजल्यावर घर हवं ही मागणी मान्य झाली नाही. तिथे पार्किंगच येणार होतं आणि त्यावर कुणाचंच चाललं नाही. बरीच ये-जा होऊन शेवटी हुस्नबानूंना पहिल्या मजल्यावरचा, रस्त्याकडचा, जिन्याला लागून असलेला फ्लॅट द्यायचं ठरलं. बाहेरच्या भिंतीवर फॉल-पिकोची पाटी लावायची परवानगी बराट्यांनीच ठरावात घालून घेतली. हुस्नबानूंनी सही केली. "चालेल," त्या शकीलला म्हणाल्या. "कुणी येईल, कुणी नाही येणार."

या सगळ्यात काही महिने जास्तीचे गेले. शर्मिलाने सेक्रेटरीपद सोडायचं पत्र दिलं. पण घ्यायला कुणी पुढे येईना, तेव्हा ते तसंच पडून राहिलं आणि काम तीच करत राहिली.

इमारत रिकामी करायची वेळ आली. हुस्नबानू शकीलकडे विश्रांतवाडीला जाणार होत्या. वाळिंब्यांना जवळच एका इमारतीत भाड्याने तळमजल्याचं घर मिळालं होतं. ते मिळावं म्हणून शर्मिलाने सगळं कर्वेनगर पालथं घातलं होतं. टेम्पोत सामान चढत असताना ती खाली आली. हुस्नबानू ओट्यावर बसून मशीन नीट बांधलंय का ते पाहत होत्या.

"भाभी, तिकडे कंटाळा येईल तुम्हाला."

"येईल. सून दिवसभर कामावर, पोरं शाळेत." मग त्या म्हणाल्या, "विद्याधरभाऊंना कसं उतरवणार आज?"

"माणसं बोलावलीत."

"माणसं कशाला? शकील आहे की." त्यांनी हाक मारली. शकीलने दोर सोडला, हात पँटला पुसले आणि जिन्याकडे निघाला. त्याचे केस आता कानशिलांवर पांढरे झाले होते. वरून येताना तो मध्येमध्ये थांबत होता, धापा टाकत होता, आणि विद्याधर त्याच्या पाठीवरून जड जिभेने पुन्हा पुन्हा "सावकाश, सावकाश" म्हणत होते.

त्याने त्यांना ओट्यावर, आईच्या शेजारी टेकवलं. हुस्नबानूंनी पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला. शर्मिला शकीलला काही म्हणणार होती, पण तो परत टेम्पोकडे गेला होता.

महिन्यातून एखादा फोन होतो आता. पूर्वीसारखं तासन्‌तास बोलणं नाही होत. हुस्नबानू गुडघ्यांबद्दल सांगतात, शर्मिला विद्याधरांबद्दल. संध्याकाळी ती त्यांना भाड्याच्या घरासमोर खुर्चीत बसवते, स्वतः पायरीवर बसते, आणि बहुतेक वेळा बसल्या बसल्याच तिला डुलकी लागते.